हॅनाचे हात

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या त्या गावात दरवर्षी विहीर सजवायची, म्हणजे फळीवर ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या रोवायच्या आणि चित्र उभं करायचं. यंदाचं चित्र पाहून हेदरचं डोकंच फिरलं. त्यात गावच्या भुताच्या गोष्टीतली हॅना आपल्या तान्ह्या बाळाला विहिरीत टाकत होती!

"टाकताना कोणी पाहिलं होतं हो तिला?"

गावाचा इतिहास सांगत फिरणारे मिस्टर ओलरेनशॉ हसले. "अगं, दोनशे वर्षं सगळं गाव हेच सांगतंय."

"म्हणून खरं झालं का? पोर पडलं असेल आणि ती बाहेर काढत असेल. हात तर असेच दिसणार ना!"

"बाळंतपणानंतर बायका जरा हळव्या होतातच," ते पाकळी दाबत म्हणाले. फळी ठेवलेल्या टेबलाभोवतीच्या बायकाही खुदखुदल्या.

हेदरच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमच्या या मातीला मी बोटसुद्धा लावणार नाही!"

ती ताडकन वळली. मागे विहिरीच्या कठड्याशी, बाबागाडीत तिचा दोन महिन्यांचा टोबी झोपेतच ओठ चोखत होता.

"चल रे राजा, आपण घरी जाऊ," म्हणत तिनं त्याला उचललं.

त्याचं जावळ विहिरीच्या गार पाण्यानं निथळत होतं. गाडीतली दुलई मात्र कोरडी होती. त्याच्या पाठीवर, पांढऱ्या स्वेटरवर, ओल्या मातीनं माखलेल्या दोन हातांचे ठसे उमटले होते.

हेदरनं वळून पाहिलं. टेबलापासून कुणीही हललं नव्हतं.

तिनं त्यातल्या एका ठशावर तळहात ठेवला. माती कोमट होती.