नमुन्याची बाटली

"आपल्या सांडपाण्यात अँटिबायोटिक सापडलंय, वाच!" औषध कारखान्याच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावून अहवाल सांडपाणी यंत्रणेच्या ऑपरेटरच्या तोंडावर फेकला आणि त्याच्याच हातातला पाना हिसकावून त्याला बडवायला सुरुवात केली. पहिल्या घावात दात पडला, दुसऱ्यात बरगडी मोडली. सांडपाण्यातलं औषध शोषणारी कोळशाची टाकी मालकांनीच वर्षापूर्वी बंद करायला लावली होती, पण ते बोलायची सोय नव्हती.

"तपासणीची बाटली इथल्या बोअरच्या पिण्याच्या नळावर भरायची, एवढंही जमेना? नाल्यावर भरलीस ना, हरामखोरा?"

मारून मारून मालकांनाच धाप लागली. केबिनमधला तोच नळ उघडून त्यांनी दोन ग्लास पाणी घटाघटा रिचवलं.

ऑपरेटरने तोंडातलं रक्त थुंकलं. "नाही मालक. ह्याच नळावर भरली होती."