एक्केचाळिसावी चौकट

रंगूबाई, त्यांची लेक तानूबाई, तानूबाईंची लेक प्रमोदिनी, आणि प्रमोदिनीबाईंची लेक सांगलीची मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर ज्ञानदा. रविवारी दुपारी ती चाळीस डॉक्टरांना अपस्मारावर ऑनलाइन शिकवत होती. प्रमोदिनीबाई शेजारी अभिमानाने ताठ बसल्या होत्या.

रंगूबाईंना फेफरे आले की लोक नाकाशी जोडा धरत. उंब्रजच्या नाथाजी डॉक्टरांनी तो भिरकावून दिला होता. उपचार मात्र त्यांनाही ठाऊक नव्हता. खिशातले घड्याळ हाती घेऊन ते नुसते उशाशी बसत. म्हणत, "फी नको, रंगूबाई. तुमच्या घरची लेक शिकली की मला शिकवायला धाडा."

डॉक्टरांना जाऊन साठ वर्षे झाली, तरी ते देणे राहिलेच होते.

पडद्यावर आज तिची स्वतःची सोडून चौकटी एक्केचाळीस होत्या. शेवटची काळी होती आणि तिच्यातून घड्याळाची टिकटिक येत होती.

"डॉक्टरबाई, झटका आला तर करायचं काय?" तिच्यातून म्हाताऱ्या आवाजाने विचारले.

"कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा," ज्ञानदा ठामपणे म्हणाली. "पाच मिनिटांत थांबला नाही, तर लगेच औषध द्या."

टिकटिक थांबली.

"झकास शिकवलंस, पोरी. रंगूबाई, फी पोचली. आता काय बी देणं न्हाई."

"व्हय, डॉक्टर. फिटलं सारं."

उत्तर प्रमोदिनीबाईंच्या तोंडून गेले होते. आवाज मात्र त्यांच्या आजीचा होता.