करंज्यांची पिठीसाखर

"ती नाही मिळायची," अनसूया डबा पोटाशी धरून म्हणाली. दिवाळीच्या करंज्यांसाठी तिने ही पिठीसाखर दळली होती. सुट्टी नाही म्हणून लेक कुंदा आलीच नाही आणि डबा फळीवर तसाच राहिला.

"अगं, मधमाश्यांच्या अंगावर गोचडीसारख्या किडी चिकटल्यात," नवरा म्हणाला. "साखर भुरभुरली की त्यांची पकड सुटते, माश्या एकमेकींना चाटून साफ करतात. विकतच्या साखरेत मक्याचं पीठ असतं, ते बाधतं."

"आणि कुंदा आली म्हणजे?"

"आली तर मी स्वतः दळून देईन!"

ती हसली नाही. पण थंडीत मधपेटी उघडायची ती भर दुपारी आणि झटपट, नाहीतर आतली पिल्लं गारठून मरतात, हे तिलाही ठाऊक होतं. उन्हं चढली तशी चाळणी घेऊन तीच परसात आली. पहिल्या पेटीत मूठभर माश्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. ती त्यांच्यावर साखर चाळू लागली.

पाचव्या पेटीचं झाकण उघडलं आणि घाटात एसटीचा हॉर्न वाजला. कुंदा यायची ती याच गाडीने. अनसूयाची मान वळली, हात मात्र थांबला नाही. पोळ्याची शेवटची चौकट झाली, झाकण नीट बसलं, तेव्हाच ती कुंपणापाशी धावली. गाडी फाट्यावरून पुढे गेली होती.

"उतरलं का गं कुणी?" त्याने मागून विचारलं.

"थांबा हो," ती म्हणाली, "धुरळा बसू दे."