हलकं वाटतंय

बागेत सव्वीस झाडं, अकरा बाकं आणि एकच फाटक होतं. बागेत बसल्यावर माणसांच्या मनावर काय परिणाम होतो, याची पाहणी करायला ती फाटकाशी वजनकाटा घेऊन बसायची. तक्त्यात नाडीच्या शेजारी वजनाचाही रकाना होता. आत जाताना एक नोंद, बाहेर येताना दुसरी आणि शेवटी प्रश्न : कसं वाटतंय?

"हलकं वाटतंय," सगळे म्हणायचे.

तीन दिवसांत चाळीस जण आले आणि चाळीसही जणांचं वजन तीनशे ग्रॅमनी उतरलं. तिने काटा बदलून पाहिला. फरक तेवढाच.

"ताई, मलाही आत बसवा," रखवालदार म्हणाला. "बायको म्हणते, बसून बसून पोट सुटलंय. इथे तर बसून उतरतंय."

ती हसली, पण तिचं डोकं चालेना.

चौथ्या दिवशी तिने बाबांना आणलं. आई गेल्यापासून ते दोन घास खाऊन उठायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. काट्यावर ते अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम भरले.

तासाभराने ते शीळ घालत बाहेर आले. शर्ट तसाच अंगाबरोबर, पट्टाही त्याच भोकात.

"कसं वाटतंय, बाबा?"

"एकदम हलकं वाटतंय गं, पिल्लू."

तिला भरून आलं. "आईलाही आवडली असती ही बाग."

"कुणाच्या आईला?" बाबांनी अगदी सौजन्याने विचारलं.

तिने हात धरून त्यांना काट्यावर उभं केलं. आकडे थोडा वेळ हलले आणि एकोणतीस किलो दोनशे ग्रॅमवर थांबले.