अलिबागहून आलेली पिशवी

हरिओमने पिशवी भागुबाईसमोर ठेवली आणि आतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. शिंपल्यांची चौकट असलेला आरसा. काजूचा पुडा. पांढऱ्या कांद्यांची माळ. शिंपल्यांचे तुकडे बसवलेल्या सहा बांगड्या.

"समदं तिनंच घेतलं, मामी. म्या नुसता पिशवी धरून मागं मागं."

भागुबाईने एक बांगडी चढवून पाहिली. ती अंगठ्यापाशीच अडकली. आईच्या हाताचं माप बबिताला लहानपणापासून पाठ होतं. बाजारात घाई झाली असेल, असं मनाशी म्हणत भागुबाईने बांगडी उतरवून पदरात ठेवली.

बबिताला जाऊन आज नववा दिवस. लग्नाला दोन वर्षं झाली तरी बायको कुठे फिरली नाही, म्हणून जावई हरिओम तिला अलिबागला घेऊन गेला आणि तिथे लाटेने तिला ओढून नेलं, एवढंच या घराला कळलं होतं. प्रेत सापडलं नव्हतं. उद्या पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा होता.

त्याआधी एक काम उरलं होतं. मुलीच्या मृत्यूबद्दल आमचा कोणावरही संशय नाही, असं टाईप केलेला कागद हरिओमने आणला होता. तो पोलिसांत दिला की प्रकरण मिटणार होतं. कागदावर बबिताचा बाप रायभान याचा अंगठा उमटलेला होता. भागुबाईची सही बाकी होती.

ती दोनदा नाही म्हणाली होती. संशय होता म्हणून नव्हे. सही केली की लेक मेली, एवढंच तिला कळत होतं.

आज हरिओम देवगाव फाट्यावर उतरून उन्हातून चालत तिसऱ्यांदा आला होता.

"पुन्यांदा सांगा, जावईबापू," ती म्हणाली. "पयल्यापासून."

हरिओमने न कंटाळता सांगितलं. एसटीतून उतरलो. च्या पिलो. बाजार केला. किल्ल्याकडं घोडागाडी जाते, तिच्यात बसलो.

"घोड्याला लय भ्यायली."

"शेळ्यांच्या घरची पोर अन् घोड्याला भ्यायली व्हय?"

"डोळे मिटून बसली व्हती. उतरल्यावर मलाच म्हनते, तुमीच भ्यायलात."

भागुबाईच्या ओठांवर नऊ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "आशीच हाय ती," ती म्हणाली. "आपलं झाकून दुसऱ्याचं दाखवती."

हरिओमने कांद्यांची माळ बाजूला सरकवली.

"मंग भेळ खाल्ली. मंग पान्यात गेलो. म्या म्हनलं, गुडघ्याच्या म्होरं जायाचं न्हाई. तर म्हनली, आमच्या नदीला घोटाभर पानी न्हाई, हितं तरी भिजू द्या." त्याने आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. "मनगट धरलं व्हतं, मामी. लाट आली अन् हातात नुस्तं पानी राह्यलं."

"आजूबाजूला कोनीच नव्हतं?"

"आडबाजूला गेलो व्हतो. चार लोकांत भिजायची लाज वाटती म्हनली."

तेही खरं वाटण्यासारखं होतं. बबिता दारातल्या नळावरसुद्धा कुणी नसताना तोंड धुवायची.

हरिओमने पिशवीच्या तळाशी हात घातला आणि एक पिवळी ओढणी काढली. बारीक टिकल्यांची. दिवाळीला भागुबाईनेच घेऊन दिलेली.

"दुसऱ्या दिशी काठाला लागली. एवढंच परत दिलं समुद्रानं."

भागुबाईने ती हातात घेतली नाही. आधी नुसती पाहिली.

"धुतली तर न्हाई?"

"न्हाई, मामी. पान्यातून निगाली तशीच वाळवली. धुवायला हात उठंना."

मग तिने ती घेतली, तोंडावर धरली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. हरिओमने खाली मान घातली.

दुपार चढली तसा रायभान शेळ्या घेऊन परतला. घामाने निथळत होता. पैरण काढून त्याने बाभळीच्या काट्यांच्या कुपाटीवर टाकली आणि रांजणाशी जाऊन घटाघटा पाणी प्यायला.

"सही झाली का?" त्याने हलकेच विचारलं.

भागुबाई उठली. पैरणीच्या शेजारीच तिने ओढणी पसरली. "उद्या पुतळ्याला पांघरायची हाय. सुरकुत्या मोडू द्या." मग हात धुऊन, पदराला पुसून ती परत येऊन बसली.

"आना कागद."

हरिओमने कागद पेटीच्या झाकणावर ठेवला आणि पेन उघडून दिलं. सही तिला बबितानेच शिकवली होती. एकेक अक्षर कोरावं तसं तिने लिहिलं. भा. गु.

"हात् तुमच्या," रायभान ओरडला. तीन शेळ्या कुपाटीला भिडून त्याची पैरण चाटत होत्या. "मिठासाठी जीव चाललाय ह्यांचा. खारट कापड दिसलं की सोडत न्हाईत."

भागुबाईने मान वर केली.

म्होरकी शेळी ओढणीपाशी गेली. हुंगली. तोंड फिरवून पुन्हा पैरणीकडे आली. मागची आली, तिनेही हुंगलं आणि पुढे गेली. ओढणी कुपाटीवर तशीच पसरलेली राहिली. पैरणीची बाही मात्र दोघींनी दोन बाजूंनी ओढायला घेतली.

भागुबाई उठून कुपाटीशी गेली. तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि चोखलं. मग दुसरं टोक. मग मधला भाग. मीठ कुठेच लागलं नाही.

"काय झालं, मामी?" हरिओमने विचारलं. "दोनच अक्षरं राह्यलीत."

ती परत येऊन बसली. पेनाला टोपण लावलं.

"हरिओम," ती म्हणाली. जावयाला तिने आजवर नावाने हाक मारली नव्हती. "कोन्या इहिरीत हाय माजी लेक?"