मैथिलीच्या नावापुढचं शून्य

"शून्य?" मैथिलीनं विचारलं. "माझ्यापुढं शून्य आहे?"

प्राचार्य शिवप्रसाद सरांनी तक्ता तिच्याकडं सरकवला. धाराशिवच्या त्या कॉलेजात पीएच.डी.ची दोन संशोधन केंद्रं होती, रसायनशास्त्राचं आणि मराठीचं. यापुढं एकच चालणार होतं. ज्या मार्गदर्शकाच्या लेखांचा इतर संशोधकांनी जास्त वेळा संदर्भ घेतलाय, त्याचं. नाव आजच विद्यापीठाला कळवायचं होतं.

"संदर्भ मोजणाऱ्या पोर्टलवर दिसतं तेच घेतलंय, मॅडम," युवराज म्हणाला. तक्ता त्यानं केला होता. तो रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होता, आणि मैथिलीचा नवरा. सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून कॉलेजात आले होते. वाटेत त्यानं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

"पोर्टलवर मराठी नियतकालिकं नाहीतच, सर," मैथिली त्याला म्हणाली. "तुम्हाला माहितीय ते."

"नियम सगळ्यांना एकच. उद्या लोक म्हणाले असते, बायकोसाठी वाकवला."

मैथिलीला तिच्याकडं पीएच.डी. करणारी निकिता आठवली. तान्हं मूल सासूकडं ठेवून ती बेंबळीहून एसटीनं यायची. तिचा प्रबंध अर्ध्यावर होता. इथलं केंद्र बंद झालं तर तिला संभाजीनगर गाठावं लागणार. म्हणजे काम सुटल्यातच जमा.

"एक विचारते," मैथिली म्हणाली. "तुमच्या विषयात जगभर लाखो माणसं लिहितात. एकमेकांचं वाचतात, संदर्भ देतात. उमरग्याकडच्या बोलीवर लिहिणारी आम्ही चार डोकी. असे दोन विषय शेजारी ठेवून बघायची काही रीत आहे का नाही तुमच्यात?"

युवराजनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

"आहे," तो म्हणाला. "ज्याच्या त्याच्या विषयाची जागतिक सरासरी घ्यायची. आपल्या आकड्याला तिनं भागायचं. एकाच्या वर आलं तर सरासरीपेक्षा सरस."

"मग तसं का नाही केलंत?"

"वेळ नव्हता."

"आता आहे की," शिवप्रसाद सर म्हणाले. "तुमचंच करा आधी. बघू किती येतंय."

लॅपटॉप युवराजच्या समोरच होता. त्यानं तो उघडला नाही. बाहेर पोरांचा गलका चालला होता, तो अचानक फार जवळ आल्यासारखा वाटला.

"काढलं होतं मी, सर. परवाच."

"मग?"

"एकाच्या खाली आलं," तो म्हणाला. "बरंच खाली."

मैथिलीनं त्याच्याकडं पाहिलं. लोक काय म्हणतील हा प्रश्न नव्हताच तर. युवराजची नजर टेबलाच्या काचेवरून हलली नाही.

"आणि मॅडमचं?"

"त्यांचं काढताच येत नाही. सरासरी आणायची कुठनं? मराठीतलं कुणी मोजलेलंच नाही."

शिवप्रसाद सरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुमचं नीट मोजलं तर कमी, ह्यांचं मोजायची सोय नाही, आणि मी डोळे झाकून सही करायला बसलो होतो!" त्यांनी तक्ता उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "आज काही जात नाही इथनं. विद्यापीठाला मी फोन करतो." मग ते मैथिलीकडं वळले. त्यांचा सूर मऊ झाला नव्हता. "पण मॅडम, मोजता येत नाही म्हणून ते चांगलंच असणार, असंही मी धरणार नाही. आहे का जवळ एखादा लेख?"

मैथिलीनं पर्समधून नियतकालिकाचा एक अंक काढला. तो पुढं करताना ती क्षणभर अडखळली. सरांनी चष्मा लावला. मधलंच एक पान उघडून ते मोठ्यानं वाचू लागले.

"'कन्नड-मराठी सीमेवरील स्त्रियांच्या बोलीतील आज्ञार्थी रूपे. नमुना: पोरगं माझं लई शिकलं. आता सणासुदीला आलं तरी पाव्हण्यावानी बसतंय. म्या बोलाय लागले की सुनंला म्हणतंय, हिला जरा नीट बोलाय शिकीव. चार माणसांत लाज वाटती म्हणतंय.'"

सर थांबले. त्यांना हसू आलं होतं. "अगदी आमच्याकडच्या बायका बोलतात तसं उतरवलंय हो." त्यांनी पानाच्या तळाशी पाहिलं. "सांगणाऱ्या, सीताबाई गुंडप्पा, तालुका उमरगा. ह्या कोण?"

मैथिलीनं पदर सारखा केला आणि मान खाली घातली.

"माझी आई," युवराज म्हणाला.

सरांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं.

"मागच्या पोळ्याला गेली." युवराज अंकाकडं बघत म्हणाला. "सुट्टीत ह्या दोघी सासू-सुना तासन्‌तास ओसरीवर बसायच्या. मला वाटायचं, नुसत्या गप्पा हाणत्यात."

सरांनी अंक हळूच मिटायला घेतला. युवराजनं टेबलावरून वाकून त्यांचा हात धरला.

"मिटू नका, सर," तो म्हणाला. "वाचा की. पुढं काय म्हणतीया ती?"