थिबोची सुटका

एकही वार न करता, लोखंडी हातमोजा पुढे करून शरण आलेल्या थिबोचा इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या ओदेला मनापासून तिटकारा होता. आठ महिने त्याने या फ्रेंच सरदाराला गॅस्कनीतल्या आपल्या गढीत पोसलं, ते निव्वळ खंडणीसाठी.

आज दुपारी थिबोचा मेहुणा चांदी घेऊन आला. ओदेने स्वतः कैद्याला बुरुजावरून खाली आणून घोड्यावर बसवलं.

"जा सरदार, बायकोमागे लपून बसा," तो म्हणाला. "पुढच्या लढाईला तिलाच पाठवा. ती निदान ओरबाडेल तरी."

थिबो मेहुण्याबरोबर निघून गेला.

कैद्याची खोली झाडून घ्यावी म्हणून ओदे पुन्हा वर गेला. दाराचा अडसर काढला, तर आत थिबो पाव चघळत बसलेला.

"मेहुणा आला का हो माझा?" त्याने विचारलं.

ओदे खिडकीकडे धावला. खाली पुलावरून दोन घोडेस्वार चालले होते. थिबोही उठून त्याच्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि त्या पाठमोऱ्या स्वाराकडे बघत राहिला.

"ओदे," तो हळूच म्हणाला, "माझ्या बायकोकडे तुम्ही कोणाला पाठवलंत?"